रायगोंडा अण्णांची कंठी

नवरा गोड बोलायला लागला, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेली आजवरची एकमेव बाई म्हणजे पद्माक्का मगदूम.

मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांची जी ओळ आहे, तिथल्या एका दुकानाच्या माडीवर आमचं दुरुस्ती केंद्र आहे. खाली दिवसभर सतारीच्या तारा जुळवणं चालतं आणि वर मी, शमीम जमादार, कंठ्या दुरुस्त करते. कंठी आता कुणाला समजावून सांगायला नको. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकतात, त्यांच्या गळ्याला एक पातळ पट्टी बसते आणि सदऱ्याच्या खिशात एक डबी. माणसानं बोलायचं मनात आणून ओठ-गळा हलवला, की स्नायूंमध्ये उठणारी बारीकशी वीज पट्टी टिपते, त्यावरून अक्षर ओळखते आणि तारेवरून डबीला कळवते. डबी त्या माणसाच्या जुन्या आवाजात ते बोलून दाखवते. आमच्या एका जिल्ह्यात अशा दोनशे चाळीस कंठ्या आहेत आणि त्यातली प्रत्येक कधी ना कधी माझ्या टेबलावर येऊन गेली आहे.

लोक मला संशयी म्हणतात. वीस वर्षं यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम तपासल्यावर माणूस दुसरं काय होणार? यंत्र रडत-कुरकुरत चाललं तर मला त्याचं काही वाटत नाही. ते 'सगळं ठीक' म्हणतं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढते. घरीही माझं हेच चालायचं, म्हणून घरी आता मी एकटीच असते.

"आमचं मालक लई ग्वाड बोलाय लागल्यात," पद्माक्का म्हणाली. सहासष्टीची बाई, काठापदराचं लुगडं, हातात रिकामी पिशवी. पायऱ्या चढून दमली होती, तरी बसली नाही.

"मग चांगलंच की, अक्का."

"काय चांगलं? त्ये आमचं मालक न्हवंतच. चव्वेचाळीस वर्सं झाली लगीन हून, ह्या मानसानं आमटीला कवा बरं म्हटलं न्हाई. परवा मीठ जास्त पडलं. ताट सारलं, कपाळाची शीर ही अशी फुगली. आनि डबी काय म्हनती? 'आमटी छान झालीये, तू दमली असशील.' दमली असशील! आमच्या घरात ह्यो शब्द तरी हाय का?"

मी आधी तिच्यावरच संशय घेतला. म्हाताऱ्याचं बोलणं त्याचं स्वतःचं नाही असा दाखला घ्यायचा आणि मग शेत-घराच्या कागदावर हवं ते करायचं, असे नातेवाईक मी पाहिले आहेत. म्हणून सरळ विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

मग ती बसली. पिशवीची घडी घालत म्हणाली, "मला एका वाक्याचं सांगा. एकच. बाकी सगळं डबीचं असू दे."

ते वाक्य समजायला तिची गोष्ट समजायला हवी. रायगोंडा मगदूम म्हणजे या भागातल्या कुस्ती-मैदानांचे निवेदक. तरुणपणी स्वतः लढले, कान मोडून घेतले आणि मग माईक हातात घेतला. तीस वर्षं त्यांच्या आवाजाशिवाय जत्रेचं मैदान भरलं नाही. निवेदकाचं आणखी एक काम असतं, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. गर्दीत कुणाचं पोर हरवलं, कुणाच्या गाडीची किल्ली सापडली, कुणाच्या घरून निरोप आला, की चिठ्ठी निवेदकाकडे जाते आणि दोन कुस्त्यांच्या मधे तो ती वाचतो.

१९९९ साली बेडगच्या जत्रेत दुपारी एक वाजता अशीच एक चिठ्ठी त्यांच्या हातात आली. ती पद्माक्काच्या भावानं शेडबाळहून पाठवली होती. आई अत्यवस्थ होती. पद्माक्का तिथेच बेडगला नणंदेच्या घरी पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती, कर्ण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येईल इतक्या जवळ. त्या दुपारी तिनं नवऱ्याच्या आवाजात सगळ्या गावाचे निरोप ऐकले. स्वतःचा ऐकला नाही. शेवटची मोठी कुस्ती संध्याकाळी होती, बायकोला निरोप दिला असता तर तिच्याबरोबर निघावं लागलं असतं, म्हणून अण्णांनी चिठ्ठी खिशात घातली आणि ती कुस्ती चितपट झाल्यावरच निरोप सांगितला. पद्माक्का शेडबाळला पोचली तेव्हा आईला जाऊन चार तास झाले होते.

"आठ दिसांनी सदरा धुतला तवा खिशात घावली," ती म्हणाली. "लगदा झाल्ता. 'लगेच' एवडं एकच अक्शर वाचाय आलं. दादानं काय लिवल्तं, कळलंच न्हाई. दादाला इचारायचा धीर झाला न्हाई. दादाबी गेला आता."

सदतीस वर्षांत अण्णा त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आणि गेल्या किंक्रांतीला, जेवता जेवता, डबी म्हणाली होती: त्या चिठ्ठीचं माझं चुकलं.

"ह्ये त्येनी म्हटलं का डबीनं, एवडं सांगा," पद्माक्का म्हणाली. "डबीनं म्हटलं असंल तर मी डबीवर रागवायची न्हाई. पर मला कळाय पायजे. तवापास्नं मी त्येंच्या पंगतीला बसून जेवतीया. त्याआदी सदतीस वर्सं बसली न्हवती."

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन ती आली. उंच माणूस, पांढरी टोपी, फुलकोबीसारखे मोडके कान. मी डबी काढून घेतली तशी त्यांनी बगलेतून एक पाटी काढून मांडीवर ठेवली. ऑपरेशननंतर वर्षभर, कंठी मिळेपर्यंत, ते पाटीवर लिहूनच बोलत होते.

"अजून पाटी बाळगता?" मी विचारलं.

त्यांनी लिहिलं, 'सवय.'

मी पट्टी आणि डबी यांच्या मधल्या तारेला चिमटे लावले. चिमट्यांच्या दुसऱ्या टोकाला माझं नोंदीचं यंत्र होतं. तारेवरून पट्टीनं काय पाठवलं आणि डबीनं त्यातलं काय उचललं, हे दोन्ही त्यावर वेगवेगळं दिसतं. मग डबी परत त्यांच्या खिशात घातली, पडद्यावर एक जुनी कुस्ती आवाज बंद करून लावली आणि म्हटलं, "अण्णा, सांगा ही कुस्ती. मैदानावर सांगायचात तशी."

का, तर पुण्याच्या प्रयोगशाळेत कंठीची चाचणी बातम्या वाचायच्या वेगानं घेतात. सेकंदाला चार अक्षरं, फार तर आठ. कुस्तीचा निवेदक रंगात आला की चौदापर्यंत जातो. हे पुण्यात कुणाच्या डोक्यात आलं नसणार.

अण्णांचे ओठ हलायला लागले. गळ्याच्या शिरा ताणल्या, हात उठला, डोळे पडद्यावर खिळले. आणि डबीतून त्यांचाच भारदस्त आवाज आला: "दोन्ही मल्ल उत्तम खेळत आहेत. दोघांनाही शुभेच्छा."

पद्माक्का फसकन हसली. अण्णा हसले नाहीत. पण त्यांना धक्काही बसला नाही. ज्याच्या तोंडचे शब्द कुणी बदलून टाकतं आहे, तो माणूस दचकायला हवा, चिडायला हवा. हे शांतपणे स्वतःच्या पायांकडे पाहत बसले. मला तिथेच शंका आली, पण मी ती त्या वेळी बोलून दाखवली नाही.

"डबी चार दिवस माझ्याकडे राहू दे," मी म्हटलं. "आणि तिच्यातल्या जुन्या नोंदी मी वाचू का? तुमचं बोलणं आहे, तुमची परवानगी लागेल."

पाटीवर खडू बराच वेळ टेकलेला राहिला. मग त्यांनी लिहिलं, 'वाचा.'

आता थोडं तारेबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पट्टीतली चिप आणि डबीतली चिप यांच्यात एकच अरुंद वाट आहे. अक्षराचे तुकडे, म्हणजे बाइट, त्या वाटेनं एकामागून एक येतात. स्लॅब टाकताना मजूर घमेली हातोहात देतात तसं. देणारा थांबत नाही. घेणाऱ्याचे हात मोकळे असले पाहिजेत. डबीतल्या चिपकडे आलेला बाइट ठेवायला एकच कप्पा असतो. बाइट आला की तिला टोचणी लागते, हातातलं काम सोडून ती कप्पा रिकामा करते आणि पुढच्यासाठी तयार होते. ही टोचणी लागणं आणि कप्पा रिकामा होणं ज्या छोट्या प्रोग्रॅमच्या ताब्यात असतं, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो.

या ड्रायव्हरमध्ये घोळ होता. डबी बोललेलं वाक्य स्मृतीत साठवायची आणि तेवढा वेळ, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका, टोचणी बंद करून ठेवायची. सावकाश बोलणाऱ्याला त्याचा त्रास नाही. भरभर बोलणाऱ्याचे मात्र तेवढ्यात दोन-तीन बाइट येऊन एकमेकांवर पडायचे आणि आधीचा पुसला जायचा. एक अक्षर निसटलं की पुढच्यांचा मेळही बसायचा नाही.

हा घोळ या धंद्यात नवा नाही. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात करतो आणि दुसऱ्या महिन्यात सुधारतो. बाइट हरवला की चिप स्वतःच झेंडा वर करून कळवते. ड्रायव्हरनं तो झेंडा पाहून 'ऐकू आलं नाही, परत सांगा' म्हणायचं असतं. आमचा ड्रायव्हर काय करायचा, तर झेंडा गुपचूप खाली करायचा आणि रिकामी जागा 'पूरक' नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे द्यायचा. पूरकनं हजारो घरांतली संभाषणं वाचलेली. अशा ठिकाणी साधारण माणूस काय बोलला असता, आणि घरच्यांना काय ऐकून बरं वाटलं असतं, ते शब्द तो बसवायचा. त्याच आवाजात, त्याच लयीत, कुठेही सांधा न दाखवता.

माणूस भरभर कधी बोलतो? मैदानावर बोलतो, आणि रागात बोलतो. म्हणजे अण्णांचा राग तारेवरच सांडत होता आणि घरात पोचत होती ती पूरकची साखर.

जुन्या नोंदीत मी किंक्रांतीची दुपार शोधली. डबी बोललेल्या प्रत्येक वाक्यापुढे त्यातले किती बाइट हरवले तो आकडा असतो. 'त्या चिठ्ठीचं' ही चार अक्षरं पुरी पोचली होती. त्यापुढचे जवळजवळ सगळे बाइट गायब. 'माझं चुकलं' हे पूरकचं होतं.

मी खुर्चीत मागे टेकले. खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता, दोष सापडला की होतो. त्या दिवशी फक्त वाईट वाटलं. शिवाय डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. दोनशे चाळीस कंठ्या. मालगावचे गुरुजी, ज्यांनी मुलाला परदेशी जायला हसत परवानगी दिली. कुपवाडची ती सासू, जी अचानक सुनेचं कौतुक करायला लागली. कुणाचं काय खरं होतं?

इतका साधा दोष इतकी वर्षं राहतोच कसा, हा प्रश्न मला सोडेना. म्हणून ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्यांची टिपणं काढली. आवृत्ती ३.४: बाइट गळती बंद केली. आवृत्ती ३.५: ३.४ मधला बदल मागे घेतला. कारणाची जागा कोरी होती.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात सौमित्र लिमये नावाचा तरुण आमच्या केंद्रांचं पाहतो. अतिशय सभ्य मुलगा. इतक्या सभ्य माणसाशी मी नेहमी जपून बोलते.

"ताई, तुम्ही अगदी बरोबर पकडलंत," तो फोनवर म्हणाला. नाकबूल करील असं मला वाटलं होतं. "३.४ मध्ये आम्ही ते दुरुस्त केलं होतं. पण मग डबी सारखी 'परत सांगा' म्हणायला लागली. लोक चिडायचे. आणि जे पोचायचं ते... तुम्हाला कल्पना आहेच, आजारी माणूस घरात काय काय बोलतो. घरच्यांचे समाधानाचे गुण एका महिन्यात कोसळले. दोन ठिकाणी तर घरच्यांनी कंठी काढून कपाटात ठेवली."

"म्हणून तुम्ही दोष परत बसवलात."

"दोष कशाला म्हणता? लोकांना आवाज हवा असतो, ताई. कोर्टात पुरावा द्यायला थोडेच बोलतात ते."

"ज्याचा गळा आहे त्याला सांगितलंत?"

"हे एक उपकरण कृपया आहे तसं परत द्या. सध्या केंद्रांची फेररचना चालू आहे, मिरजेबद्दल मी चांगलंच लिहिलंय."

धमकी इतक्या मऊ शब्दांत आली, की याच्याही घशाला कंठी आहे की काय असं मला क्षणभर वाटलं.

दोन दिवस बसून मी ड्रायव्हर नव्यानं लिहिला. टोचणी बंद ठेवायची वेळ जवळजवळ शून्यावर आणली. एका कप्प्याऐवजी दोन मोठी कोठारं केली. एक भरत असताना दुसरं रिकामं व्हावं म्हणून. आणि एक जुनी, साधी रीत परत आणली. प्रत्येक शब्दानंतर डबीनं पट्टीला उलट कळवायचं: पोचलं. तसं कळलं नाही तर पट्टीनं तो शब्द पुन्हा पाठवायचा. पूरकची वाट तोडून टाकली.

शनिवारी दुपारी दोघं आली. अण्णांना समोर बसवून मी सगळं सांगितलं. किंक्रांतीच्या वाक्याचंही सांगितलं. पद्माक्का ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"तर म्हनजे डबीचंच," ती एवढंच म्हणाली.

"पहिली चार अक्षरं त्यांची. पुढे ते काय म्हणाले, ते तारेवरच हरवलं. ते कुठेच नाही."

तिनं अण्णांकडे पाहिलं नाही. मी विचारलं, "अण्णा, नवा ड्रायव्हर घालू का? यापुढे तुम्ही बोलाल ते, तसंच्या तसं बाहेर पडेल. शिवी दिलीत तर शिवी. कंपनीचं म्हणणं आहे घालू नये. घरातलं वातावरण बिघडेल म्हणतात. गळा तुमचा आहे, तुम्ही सांगा."

त्यांनी पाटी उचलली, खडू हातात घेतला आणि बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, नको म्हणणार. दोन वर्षं फुकटात चांगुलपणा मिळत होता, कोण सोडील? पण त्यांनी लिहिलं, 'घाला.' अक्षर वाकडं आलं होतं.

डबीत ड्रायव्हर घालायला चार मिनिटं लागली. मी चिमटे लावले, हरवलेल्या बाइटचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात मोठा करून ठेवला आणि आधीचीच कुस्ती लावली.

अण्णांनी घसा खाकरल्यासारखं केलं, घशात स्वरयंत्र नसताना.

"आणि हा हा हा आत घुसला काळ्या लांगेचा पैलवान, एकेरी पट, पट काढला, वरचा गडी सावध, मानेवर घुटना, घिस्सा मारतोय घिस्सा, नाही बसला, पुन्हा पट, उचलला, उचलला मंडळी, दोन्ही पाय जमिनीवेगळे..."

डबी थरथरत होती. एवढा आवाज त्या माडीत कधी घुमला नव्हता. खाली सतारीच्या तारा पिळणं थांबलं. कुणीतरी जिन्यात येऊन उभं राहिलं. पैलवान चितपट झाला तसा खालून एक शिटीही आली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. तीन वर्षांनी त्यांनी मैदानावरचा आपला आवाज ऐकला होता.

कोपऱ्यातला आकडा शून्य होता.

जिन्यातली माणसं परत गेली. मी पडदा बंद करायला हात पुढे केला तर पद्माक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. तो आकडा दिसू द्या." मग नवऱ्याकडे वळली. "किंक्रांतीला काय म्हनाला हुतासा?"

मी उठून बाहेर जायला हवं होतं. गेले नाही. मला आकडा पाहायचा होता, हे त्याचं एक कारण, आणि मला ऐकायचं होतं, हे दुसरं.

अण्णा सावकाश बोलले. एवढं सावकाश, की जुन्या ड्रायव्हरनंही एक बाइट हरवला नसता.

"'त्या चिठ्ठीचं किती वर्सं उगाळत बसनार,' असं म्हनालो."

मला त्या माणसाची चीड आली, अगदी उघड चीड.

"डबी भलतंच बोलली," अण्णा म्हणाले. "मला ऐकू आलं. तूबी ऐकलंस. ताट तसंच ठिवून परसात गेलीस. पाटी माज्या शेजारीच हुती. लिवाय पायजे हुतं, की ह्ये मी म्हनालो न्हाई. पाटी घेतली. खडू घेतला."

"मग?"

"तू आत आलीस आनि माज्या शेजारी बसून जेवलीस. मी पाटी खाली ठिवली."

ते दचकले नव्हते त्याचं कारण मला आता कळलं. त्यांना दोन वर्षं सगळं ठाऊक होतं. एकदाही तक्रार घेऊन ते माझा जिना चढले नव्हते.

"म्हंजी तुमी म्हनालाच न्हाईसा," पद्माक्का म्हणाली.

"न्हाई. पर खोडलंबी न्हाई."

मी पडद्याकडे पाहिलं. शून्य. माझा स्वभाव असा, की आकडा शून्य असूनही मी माणसाच्या डोळ्यांकडे पाहिलं. काही सापडलं नाही.

खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा वाजवून पाहत होतं. पद्माक्कानं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"चिठ्ठीत काय लिवल्तं दादानं?" तिनं विचारलं. "ध्यानात हाय?"

अण्णांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली.

"मग सांगा की. सदतीस वर्सं झाली."

ते उठले. सदरा खाली ओढला, टोपी नीट केली. उजवी मूठ तोंडाशी नेली, माईक धरतात तशी. आणि ते तिच्याकडे न पाहता समोरच्या भिंतीकडे, जणू भिंतीच्या जागी मैदान आहे अशा आवाजात बोलायला लागले.

"लक्ष द्या, लक्ष द्या. कुस्ती शौकीन मंडळींनी शांत राहावं. एक निरोप आलेला आहे. शेडबाळहून निरोप आलेला आहे. मालगावच्या सौभाग्यवती पद्मावती रायगोंडा मगदूम, बेडगमध्ये जिथं असतील तिथं त्यांनी ऐकावं. त्यांच्या भावाची चिठ्ठी आहे. लिहिलंय..." आवाज अडकला. डबीत दोष नव्हता, गळाच थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला. "लिहिलंय, 'पदमा, आईचं काही खरं नाही. सकाळपासून तुलाच विचारती आहे. पदमा आली का, पदमा आली का, एवढंच म्हणती. ती वाटेवर आहे म्हणून मी सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस. लगेच ये.' निरोप संपला. पुन्हा एकदा सांगतो..."

त्यांनी पुन्हा एकदा सांगितला. मैदानावर निरोप दोनदा वाचायची रीत आहे.

मूठ तोंडाजवळून खाली आली तेव्हा ते बसले नाहीत. उभेच राहिले, भिंतीकडे तोंड करून.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. नोंदवहीत मी 'दोष होता, दुरुस्त केला' असं लिहिलं आणि सही केली. त्या महिन्यात एकेक कंठीवाल्याला बोलावून त्याला विचारलं, घालू का. काहींनी हो म्हटलं, बरेच जण नको म्हणाले, आणि नको म्हणणाऱ्यांकडे मी आता संशयानं पाहत नाही, निदान प्रयत्न करते. फेररचनेचं पत्रही यथावकाश आलं. ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी पद्माक्का भिंतीकडे पाहत, सगळं गाव उठून गेल्यावर मैदानाच्या कडेला बसून राहिल्यासारखी बसली होती. तिचे ओठ हलत होते. आईचे ते शब्द ती पुन्हा म्हणून पाहत होती, पदमा आली का, पदमा आली का. मग तिनं पिशवी उचलली, उठली आणि अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली. ते अजून थांबले होते, कशासाठी ते मला कळत नव्हतं. तिला कळलं असावं.

"पोचला," ती म्हणाली.